वजन, वीज आणि वाजंत्री

ऑफिसात बँड निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. "बेस गिटार कुठली घेऊ रे?" त्याचा जुळा भाऊ म्हणजे "कीबोर्ड यामाहाचा की रोलँडचा?" मग कँटीनमध्ये चर्चा रंगते. लाकूड कुठलं, पिकअप कुठले, अमक्या गाण्यात तमक्याने काय वाजवलंय, सगळं निघतं. दोन चहा होतात, ठरत काहीच नाही.

हाच प्रश्न पोटासाठी वाजवणाऱ्या माणसाला विचारा. आठवड्याला चार सुपाऱ्या वाजवणारा वादक (आपल्याकडे कार्यक्रमाला सुपारीच म्हणतात, त्याचा गँगवॉरशी संबंध नाही :)) आधी विचारेल, "वजन किती?" मग विचारेल, "मध्येच बंद पडली तर?" आवाजाचा नंबर तिसरा.

सुरुवातीला हे जरा रुक्ष वाटतं. कलावंत माणूस, आणि हमालासारखा विचार करतो? पण गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांचा वाद्यांचा इतिहास वाचत गेलं की लक्षात येतं, याच हमालीने संगीत बदललंय. ज्या आवाजांना आज आपण 'क्लासिक' म्हणतो, त्यातले कितीतरी आवाज कुणीतरी जड पेटी उचलून कंटाळला म्हणून जन्माला आले. आणि दर वेळी वाद्य हलकं झालं तेव्हा कुणाच्या तरी खिशाला ते जड गेलं. आजचा लेख या दोन्ही गोष्टींबद्दल.

कुत्र्याचं घर

बेस गिटारच्या आधी होता डबल बेस. माणसाएवढं, सुमारे सहा फूट उंच, आतून पोकळ लाकडी धूड. अमेरिकन वादक त्याला लाडाने 'डॉगहाऊस' म्हणायचे. टॅक्सीत मावत नाही, बसमध्ये चढत नाही, पावसात फुगतं. एवढं करून स्टेजवर पोचलात तरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन सुरू झाले की ते ऐकूच येत नाही.

ऐकू न येण्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. बेसची सर्वात खालची तार सुमारे ४१ हर्ट्‌झला वाजते. त्या ध्वनिलहरीची लांबी होते आठ मीटरच्या वर. शिवाय आपला कान खालच्या पट्टीतल्या आवाजाला बराच बहिरा आहे. म्हणजे बेस इतर वाद्यांइतकाच ऐकू यावा म्हणून त्याच्यामागे कितीतरी जास्त ताकद लावावी लागते. ती ताकद बोटांत नसते, विजेत असते.

लोकांनी वीज लावून पाहिली होती. १९३० च्या दशकात सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्कने 'ऑडिओव्हॉक्स' नावाने गिटारसारखा आडवा धरायचा, पडदे असलेला विजेवरचा बेस बनवला. थोडेच नग निघाले आणि लोक विसरून गेले. १९४६ च्या सुमारास एव्हरेट हल नावाच्या बेसवादकाने डबल बेसच्या खालच्या खुंटीत, म्हणजे ज्या 'पेग'वर ते वाद्य जमिनीला टेकतं त्यात, मायक्रोफोन बसवला. 'अ‍ॅम्प्लिफाइड पेग'चं झालं 'अ‍ॅम्पेग'. आज बेस अ‍ॅम्पसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीचं नाव असं एका खुंटीवरून आलंय. पण धूड होतं तेवढंच राहिलं.

मग आला लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. शिक्षण अकाउंटिंगचं. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि माझ्या मते हेच त्याचं भांडवल होतं. वाद्याबद्दल भक्तिभाव नसल्यामुळे तो दुकानात येणाऱ्या वादकांच्या तक्रारी बग रिपोर्टसारख्या ऐकायचा. बेसवाल्यांच्या तक्रारी दोन होत्या: उचलवत नाही आणि ऐकू येत नाही. गिटारवाल्यांची तिसरी: बेस वाजवायला सांगतात, पण त्या दांडीवर पडदेच नाहीत, सूर नेमका कुठे ते कळत नाही.

१९५१ च्या अखेरीस त्याने उत्तर बाजारात आणलं. सपाट भरीव लाकूड, चार तारा, ३४ इंची तारेची लांबी (डबल बेसची ४१-४२ इंच असते), गळ्यात अडकवायचा पट्टा आणि दांडीवर पडदे. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव 'प्रिसिजन बेस'. पुढच्याच वर्षी त्याच्या जोडीला 'बासमन' अ‍ॅम्प्लिफायर आला. हे महत्त्वाचं. नुसतं वाद्य देऊन भागणार नाही, त्याच्यामागे वीज द्यावी लागेल, हे त्याला बरोबर कळलं होतं. आजच्या भाषेत, त्याने प्रॉडक्ट विकलं नाही, सिस्टिम विकली.

जॅझवाल्यांनी नाकं मुरडली. लायनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये हा बेस लवकर पोचला आणि मंक माँटगोमेरीच्या हाती आला. सुरुवातीला त्यालाही तो कमअस्सलच वाटला होता. नंतर त्यानेच तो गावोगावी नेऊन लोकांच्या कानावर घातला.

इथे मला आपली पेटी आठवते. हार्मोनियमचं पेटंट १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँने घेतलं. ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं फर्निचर होतं. १८७५ च्या सुमारास कोलकात्यात 'द्वारकिन'च्या द्वारकानाथ घोषांनी तिला हातभाता लावला आणि ती जमिनीवर, मांडीसमोर आली. आता ती बैलगाडीत, होडीत, डोक्यावर, कुठेही जाऊ शकत होती. तिलाही कमअस्सल ठरवलं गेलं. मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, हे आक्षेप खरेच होते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती शिथिल केली नाही. तोवर पेटी कीर्तनापासून तमाशापर्यंत महाराष्ट्रभर फिरून आली होती. मोठ्या संगीत नाटक मंडळ्यांना मात्र भरदार स्वर हवा होता. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे वाजवायचे तो पायाचा ऑर्गन. तो परवडायचा कारण मंडळीकडे सामान वाहायला माणसं होती. एकट्या कीर्तनकाराच्या साथीदाराकडे ती नव्हती, म्हणून त्याच्याकडे हातपेटी.

थोडक्यात, कुठलं वाद्य कुणाकडे असेल हे बरेचदा 'उचलणार कोण' यावर ठरतं.

फ्रिज

विजेचा बेस आला आणि एक गंमत झाली. वाद्य हलकं झालं, पण त्याच्यामागचा अ‍ॅम्प जड व्हायला लागला.

क्लबात वाजवणाऱ्यांसाठी अ‍ॅम्पेगने १९६० साली 'बी-१५ पोर्टाफ्लेक्स' काढला. त्याची रचना मला फार आवडते. काम झालं की वरचं हेड उलटं करून स्पीकरच्या पेटीतच जायचं. काचेच्या व्हॉल्व्ह आत सुरक्षित, बाहेर नुसता एक चौकोनी डबा. डेट्रॉइटच्या क्लबांमध्ये जेम्स जेमरसन यावरच वाजवायचा. दिवसा मोटाउनच्या स्टुडिओत तोच माणूस १९६२ सालचा एकच प्रिसिजन बेस वाजवत होता. तो तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. मोटाउनच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांचा पाया या एका वाद्यावर आणि एका बोटावर उभा आहे, आणि १९७१ पर्यंत रेकॉर्डच्या कव्हरवर त्याचं नावही नव्हतं. १९८३ मध्ये तो गेला, त्याच्या थोडं आधी तो बेसही चोरीला गेला. पाच बेस असावेत का, या प्रश्नावर कँटीनमध्ये वाद झाला तर जेमरसनचं नाव घ्या, वाद मिटतो.

पण मग मैफिली क्लबातून स्टेडियममध्ये गेल्या. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्ससमोर ५५ हजारांवर लोक होते आणि मागे १०० वॅटचे अ‍ॅम्प. लोकांच्या किंकाळ्यांपुढे खुद्द बीटल्सना आपलं वाजवणं ऐकू येत नव्हतं. १९६९ मध्ये अ‍ॅम्पेगने उत्तर काढलं, 'एसव्हीटी'. ३०० वॅट, हेडचंच वजन सुमारे ४० किलो, आणि त्याची आठ स्पीकरवाली पेटी साठ किलोच्या वर. वादकांनी तिला नाव ठेवलं 'फ्रिज'. त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात रोलिंग स्टोन्सने हेच अ‍ॅम्प नेले. त्यांच्याकडे ट्रक होते. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनीही हौसेने फ्रिज घेतले आणि पुढची वीस वर्षं पाठीला शेक घेतला.

दोनशे किलोंचा सूर

आता कीबोर्डवाल्यांकडे येऊ, कारण हमालीत त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

पियानोवादकाचं दुःख वेगळंच. बाकी सगळे आपापलं वाद्य घेऊन येतात, त्याला मात्र हॉलवर जो असेल तो पियानो वाजवावा लागतो. तो बेसूर असेल, चार पट्ट्या मुक्या असतील, उंदराने आत बिऱ्हाड केलेलं असेल, तरी तोच.

शिकागोच्या लॉरेन्स हॅमंडने १९३५ साली विजेचा ऑर्गन बाजारात आणला, तो मुख्यतः चर्चसाठी. पाइप ऑर्गन परवडत नाही त्यांनी हा घ्यावा. आत ९१ दातेरी चकत्या फिरतात आणि प्रत्येक चकती एक सूर निर्माण करते. १९५४ मध्ये 'बी-३' आला आणि जॅझवाल्यांना त्याने वेड लावलं. जिमी स्मिथ त्यावर डाव्या हाताने आणि पायांनी बेस वाजवायचा, म्हणजे बेसवादकाचे पैसे वाचले (हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). पण बाकड्यासकट आणि पायपट्ट्यांसकट बी-३ चं वजन १९० किलोच्या वर. वर त्याचा गरगर फिरणारा लेस्ली स्पीकर वेगळा. ऑर्गनवादकांनी तो वाहून न्यायला शववाहिन्यासुद्धा वापरल्या. लांब, नीचांकी उंचीची, मागून उघडणारी गाडी दुसरी कुठली मिळणार?

रे चार्ल्सने वेगळी वाट काढली. वुर्लिट्झर कंपनीचा छोटा इलेक्ट्रिक पियानो आला होता, पातळ पोलादी पात्यांवर हातोडी पडते तो. आवाज खऱ्या पियानोसारखा मुळीच नाही. पण तो नेता येतो आणि रोज सारखाच वाजतो. बँडवाल्यांनी चेष्टा केली, तरी हॉलवरच्या भंगार पियानोंना वैतागून त्याने तो बरोबर ठेवला. १९५८ च्या डिसेंबरात एका रात्री ठरलेली गाणी संपली आणि करारातली दहा-बारा मिनिटं उरली. आयोजकाने पूर्ण वेळेचे पैसे दिलेत, उतरता येत नाही. रे चार्ल्सने त्या वुर्लिट्झरवर काहीतरी सुरू केलं आणि बँडला म्हणाला, माझ्यामागे या. त्यातून तयार झालं 'व्हॉट्‌ड आय से'. १९५९ साली ते रेकॉर्ड झालं, आणि मग ज्यांनी चेष्टा केली त्यांनाही तसलाच पियानो हवा होता. हॉलवरचे पियानो नीट असते तर हा आवाज आपण ऐकला असता का, याचं उत्तर बहुधा 'नाही' असंच आहे.

१९६२ मध्ये इंग्लंडमध्ये व्हॉक्स कंपनीने ट्रान्झिस्टरवरचा 'कॉन्टिनेंटल' ऑर्गन काढला. खालचे पाय काढून ठेवता येतात, एक माणूस कसाबसा उचलतो. आवाज हॅमंडच्या जवळपासही नाही, बारीक आणि टोचरा. पण 'द अ‍ॅनिमल्स'नी १९६४ मध्ये तोच वापरला, आणि लॉस एंजेलिसमध्ये 'द डोअर्स'च्या रे मँझारेकनेही. डोअर्समध्ये तर बेसवादकच नव्हता. ऑर्गनच्या डोक्यावर ३२ पट्ट्यांचा छोटा 'फेंडर ऱ्होड्‌स पियानो बेस' ठेवून मँझारेक डाव्या हाताने बेस वाजवायचा. चार माणसांचा बँड, पण वाद्यं पाच. मानधनाची वाटणी मात्र चारातच!

तो ऱ्होड्‌सही हमालीतूनच आलेला. हॅरल्ड ऱ्होड्‌स हा पियानो शिक्षक. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना अंथरुणात पडल्यापडल्या वाजवता यावा म्हणून त्याने विमानांच्या भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या वापरून मांडीवर मावेल असा २९ पट्ट्यांचा पियानो बनवला. तीस वर्षांत तो वाढत वाढत ७३ पट्ट्यांचा आणि साठेक किलोंचा झाला. मांडीवरून निघाला आणि टेंपोत जाऊन बसला.

अंधारातली बटणं

१९७० साली मिनिमूग आला तेव्हा सिंथेसायझर पहिल्यांदा खऱ्या अर्थाने काखेत मारून नेता येऊ लागला. त्याआधीचा मूग म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजसारखं कपाट आणि वायरींचं जंगल. मिनिमूगमध्ये वायरी आतच जोडलेल्या, ४४ पट्ट्या, एका वेळी एकच सूर. हा एकच सूर बेससाठी पुरेसा होता. १९७८ मध्ये गाजलेल्या पार्लमेंटच्या 'फ्लॅश लाइट'मध्ये बर्नी वॉरेलने बेसची सगळी ओळ त्यावर वाजवली, आणि मग बेस म्हणजे चार तारा हे समीकरण ढिलं झालं.

पण स्टेजवर त्याच्या दोन कटकटी होत्या. एक, दिव्यांच्या उष्णतेने सूर सरकायचा. दोन, त्याला स्मृती नव्हती. एका गाण्याचा आवाज दुसऱ्या गाण्यात हवा तर दोन गाण्यांच्या मध्ये, अंधारात, वीसेक बटणं पुन्हा मूळ जागी फिरवायची. निवेदक बोलतोय तेवढ्यात.

हा प्रश्न सोडवला आपल्या जमातीने. १९७८ मध्ये डेव्ह स्मिथने 'प्रॉफेट-५' मध्ये झेड-८० हा मायक्रोप्रोसेसर घातला. हो, पुढे झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये होता तोच. बटणांच्या जागा मेमरीत, ४० आवाज साठवलेले, एक कळ दाबली की हजर. संगीताच्या दृष्टीने यात नवीन काहीच नव्हतं. वादकाच्या दृष्टीने मात्र गाण्यागाण्यातला तो भीतीदायक अर्धा मिनिट संपला.

पुढचं पाऊल आणखी मोठं. एव्हाना कीबोर्डवाल्याभोवती तीन-चार वाद्यांचा किल्ला उभा राहिला होता. प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं, एकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि डेव्ह स्मिथ, म्हणजे एकमेकांचे सरळ स्पर्धक, यांनी पुढाकार घेऊन एक सामाईक भाषा ठरवली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात एक प्रॉफेट-६०० आणि एक रोलँड ज्युपिटर-६ एका वायरीने जोडले. इकडे पट्टी दाबली, तिकडे सूर उमटला. ही मिडी.

मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट्‌स. हा विचित्र आकडा कुठून आला? दहा लाखांना ३२ ने भागा. म्हणजे स्वस्तातल्या स्वस्त एक मेगाहर्ट्‌झच्या घड्याळातून भागाकार करून मिळणारा वेग. एका सुराचा निरोप तीन बाइटचा, तारेवर ३० बिट्‌स, म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद. दहा बोटांनी कॉर्ड दाबली तर पहिल्या आणि शेवटच्या सुरात नऊ-दहा मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. हे तेव्हाही टीकाकारांना टोचलं होतं. पण स्वस्त, साधं आणि फुकट, असं ते मानक कोणीही वापरू शकत होतं, म्हणून सगळ्यांनी वापरलं. मिडी २.० यायला २०२० उजाडलं. १९८३ चा कीबोर्ड आजच्या लॅपटॉपला जोडता येतो. आपल्यापैकी किती जणांनी लिहिलेला इंटरफेस चाळीस वर्षं चालेल, हा विचार मी सहसा सोमवारी सकाळी करत नाही.

त्याच वर्षी यामाहाचा 'डीएक्स-७' आला. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगच्या संशोधनावर उभा, १६ सूर एकदम, वजन १४ किलो. त्यातल्या तयार आवाजांत इलेक्ट्रिक पियानोचा एक आवाज होता. ऱ्होड्‌ससारखा अगदी नाही, जरा काचेरी. पण साठ किलो विरुद्ध चौदा किलो! ऐंशीच्या दशकातली प्रेमगीतं त्या काचेरी आवाजाने भरून गेली आणि १९८४ पर्यंत ऱ्होड्‌सचं उत्पादन बंद पडलं. हॅमंड बी-३ चं त्याआधीच, सत्तरच्या दशकाच्या मध्यात.

स्टेजवरून उतरलेले

आता ते लक्षात ठेवलेलं. हलकं वाद्य म्हणजे कमी माणसं.

प्रिसिजन बेस आणि त्याचा अ‍ॅम्प आल्यावर चार जणांचा बँड आख्खा हॉल भरू शकत होता. पंधरा जणांच्या बँडला मग बोलावणार कोण? मोठे बँड मोडायला इतरही कारणं होती, पण हे एक होतंच. १९८२ मध्ये ब्रिटनच्या वादक संघटनेच्या सेंट्रल लंडन शाखेने सिंथेसायझरवर बंदीचा ठराव केला. निमित्त होतं बॅरी मॅनिलोच्या दौऱ्याचं, त्यात वाद्यवृंदाऐवजी सिंथेसायझर वापरले होते. संपूर्ण संघटनेने तो ठराव उचलून धरला नाही आणि पुढे तो हास्यास्पद म्हणून सांगितला जाऊ लागला. मला तो हास्यास्पद वाटत नाही. ज्याच्या व्हायोलिनच्या जागी एक पांढरी पट्टी आली त्याने काय करायचं होतं?

आपल्या मुंबईत हेच झालं, ठरावाशिवाय. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओंत एकेका गाण्याला पन्नास-शंभर वादक बसायचे. त्यांत गोव्याहून आलेले, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले किती तरी. ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत तयार आवाजांचे कीबोर्ड, प्रोग्रॅमिंग आणि ट्रॅकवर ट्रॅक चढवायची सोय आली आणि ते हॉल रिकामे होत गेले. एका कीबोर्डमध्ये आख्खा व्हायोलिन विभाग होता. हुबेहूब नव्हता, पण मिक्समध्ये खपून जायचा.

याच मुंबईत एक उलटी गोष्टही घडली. १९८१ मध्ये रोलँडने 'टीबी-३०३' नावाची छोटी चंदेरी पेटी काढली. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. एकट्याने वाजवणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी हा हेतू. आवाज बेस गिटारसारखा अजिबात नव्हता, प्रोग्रॅम करणं किचकट, १९८४ पर्यंत उत्पादन बंद. सपशेल अपयश. पण मुंबईचे चरणजित सिंग, हिंदी चित्रपटांत गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे वादक, यांनी १९८२ मध्ये ती पेटी, 'टीआर-८०८' ताल यंत्र आणि ज्युपिटर-८ यांची जोडणी करून डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. फारशी कुणी घेतली नाही. १९८७ मध्ये शिकागोतल्या पोरांनी सेकंडहँड ३०३ ची बटणं पिळून 'अ‍ॅसिड हाऊस' नावाचा प्रकार जन्माला घातला. २०१० मध्ये सिंगांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चाट पडले: हा माणूस पाच वर्षं आधी हेच करत होता! २०१५ मध्ये ते गेले, पण त्याआधी परदेशात जाऊन ते राग पुन्हा वाजवून आले. बेसवादकाची जागा घ्यायला बनवलेलं यंत्र त्या कामात नापास झालं आणि भलत्याच कामात पहिलं आलं.

रस्त्यावरचं उदाहरण हवं असेल तर गणपतीत बेंजो पार्टी पाहा. बेंजो म्हणजे मूळचा जपानी 'ताइशोगोतो'. नागोयाच्या गोरो मोरिताने १९१२ मध्ये तंतुवाद्याला टाइपरायटरसारख्या कळा लावल्या. आपल्याकडे तो बुलबुलतरंग झाला आणि मुंबईत पिकअप लावून बेंजो. त्याच्या जोडीला ऑक्टोपॅड, रोलँडने १९८५ मध्ये काढलेला आठ खणांचा रबरी पाट. एका पाटात कोंगो, ढोलकी, झांज, सगळं. हे सगळं एका टेंपोत मावतं आणि जनरेटरवर चालतं. मिरवणुकीचं वाद्य कसं असावं याची याहून चोख व्याख्या कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात मला सापडलेली नाही.

तर मग घ्यायचं काय?

आज चित्र सोपं आहे. २००१ मध्ये स्वीडनच्या क्लाव्हिया कंपनीने लाल रंगाचा 'नॉर्ड इलेक्ट्रो' काढला. हॅमंड, ऱ्होड्‌स, वुर्लिट्झर, तिन्ही दहाएक किलोंच्या पेटीत. ज्यांच्या वजनामुळे ती वाद्यं मेली, त्यांचा आवाज वजन सोडून परत आला. बेस अ‍ॅम्पचंही तेच: क्लास-डी तंत्र आणि निओडिमियम चुंबकाचे स्पीकर यांमुळे ५०० वॅटचं हेड आता दप्तरात मावतं. फ्रिज हौसेचा उरला. यामाहा आणि रोलँड खास भारतीय आवाजांचे कीबोर्ड काढतात. आपण मात्र अजून कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसियोच म्हणतो.

म्हणून कुणी विचारलं तर माझे प्रश्न असे. घरापासून स्टेजपर्यंत हे कोण उचलणार, लिफ्ट बंद असताना? गाण्याच्या मध्यात ते बंद पडलं तर पुढच्या दहा सेकंदांत काय करणार? (बेसवाल्यासाठी जादा वायर आणि कीबोर्डवाल्यासाठी जादा अ‍ॅडॉप्टर, ही जगातली सर्वात स्वस्त विमा पॉलिसी आहे.) तिसरा, मागच्या बाकावरच्या माणसाला ते ऐकू येणार का? ही तीन उत्तरं मिळाली की लाकूड आणि पिकअप यांवर खुशाल दोन चहा घ्या. जेमरसन, रे चार्ल्स, मँझारेक, कुणीच आदर्श आवाज शोधायला निघाला नव्हता. जे नेता येईल, टिकेल आणि परवडेल ते त्यांनी घेतलं, आणि त्याच्यावर इतकं वाजवलं की तोच आदर्श होऊन बसला.

आणि एक चौथा प्रश्न, जो दुकानात कुणी विचारत नाही. या खोक्यामुळे आपल्या बँडमधून कोण कमी होतंय? हौशी बँडला मानधन वाचवायचं नसतं. अकाउंट्समधली ती मुलगी सतार शिकलेली असेल, टेस्टिंगमधला कुणी ढोलकी वाजवत असेल, तर कीबोर्डमधला सतारीचा आवाज आणि ऑक्टोपॅडमधली ढोलकी जरा बंद ठेवा. ज्यांचं पोट यावर होतं त्यांना निवड नव्हती. तुम्हाला आहे.